घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकली तर पेट्रोल वाचतं का? खालच्या गिअरमध्ये उतरवली तर इंजिन खराब होतं का?

न्यूट्रल अजिबात नको. पहिल्यांदाच महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणार आहात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून कळकळीने सांगतो.

त्याच घाटात मी एकदा भरलेली गाडी चौथ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवूनच उतरवत होतो. निम्म्या वाटेत लायनर जळाल्याचा वास आला आणि पुढच्या वळणावर ब्रेकचं पॅडल मऊ लागलं, खोल गेलं. मागे आई-बाबा बसलेले. दुसऱ्या गिअरवर आणून गाडी कशीबशी कडेला घेतली.

या घाटात तुम्ही १२०० मीटरहून जास्त खाली येता. माणसांसकट १२०० किलोची गाडी तेवढी उतरताना जी ऊर्जा सुटते, तिच्यावर ४० लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. थोडी वारा आणि टायर खातात. उरलेली सगळी ब्रेकवर टाकली की डिस्क तापतात, पॅडची पकड जाते, ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ धरते. पॅडल मारलं की ती वाफच दबते, जोर चाकापर्यंत पोचत नाही. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि मग लवकर उकळतं: डॉट ३ प्रकारचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं, ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० वर येते. दोन वर्षांत बदललं नसेल तर निघण्याआधी बदलाच.

पेट्रोलचं म्हणाल तर उलटंच आहे. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर सोडून उतरताना इंधन जवळजवळ बंदच करतात. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. इंजिन बंद करून तर कधीच उतरू नका, पॉवर स्टिअरिंग जातं आणि ब्रेकही दगडासारखा होतो.

ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा हिशोब आजही बरोबर आहे. आंबेनळीत बहुतेक दुसरा, क्वचित तिसरा. उतार लागायच्या आधीच गिअर कमी करा आणि क्लच पूर्ण सोडा. क्लच दाबून ठेवलात की ते न्यूट्रलच झालं. इंजिनचा आवाज वाढेल, घाबरू नका. आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा लाल पट्ट्याच्या खाली असेल तर इंजिनला काही होत नाही. वेग वाढलाच तर ब्रेक जोरात मारून वेग उतरवा आणि पाय उचला, म्हणजे डिस्कला गार व्हायला वेळ मिळतो. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा एल (लो, म्हणजे खालचा गिअर) वापरा.

पावसात मात्र एकदम पहिला टाकू नका, चाकं घसरतात. आणि वास आलाच, तर जागा बघून थांबा, अर्धा तास जाऊ द्या, चाकांवर पाणी ओतू नका.