आधी बधिरता, मग स्पर्शही सोसवत नाही, असं का?

प्रश्न: अर्धशिशी उठण्याआधी डोळ्यांपुढे चकाकती नागमोडी रेघ येते, मग उजव्या हाताची बोटं बधिर होतात आणि बधिरता ओठांपर्यंत चढते. पाऊण तासात ती जाते. त्यानंतर मात्र कंगवा, बांगडी काहीच सोसवत नाही. डॉक्टर म्हणाले, ‘कॉर्टिकल स्प्रेडिंग डिप्रेशन’. हा उलटफेर कसा?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: तुमच्या बधिरतेमागे मेंदूच्या वरच्या थरातून सरकणारी एक लाट असते, तिलाच कॉर्टिकल स्प्रेडिंग डिप्रेशन म्हणतात. ब्राझीलच्या आरिस्टिडिस लेआंव यांनी ती 1944 साली सशांत नोंदवली. पेशींबाहेर पोटॅशियम एरवी लिटरमागे 3 मिलिमोलच्या आसपास असतं. लाटेत ते 30च्या वर जातं. शेजारच्या पेशींचा विद्युतभार ढासळतो, त्यांचंही पोटॅशियम बाहेर येतं, आणि लाट मिनिटाला 2 ते 5 मिलिमीटर पुढे जाते. बोटाचा संदेश मेंदूपर्यंत पोचतो, पण तिथल्या पेशी काही मिनिटं उत्तरच देत नाहीत. मेंदूच्या नकाशात हाताला लागूनच चेहरा आहे, म्हणून बोटांनंतर ओठ.

पेशी सावरल्या तरी लगेच पहिल्यासारख्या होत नाहीत. भूल दिलेल्या उंदरांच्या पुढच्या पंजाला स्पर्श केला, तेव्हा लाटेनंतर त्या पंजाच्या नेमक्या जागी मेंदूचा प्रतिसाद वाढला, आजूबाजूचा घटला. शिवाय तोच स्पर्श पुन्हापुन्हा केला की प्रतिसाद एरवी उतरत जातो. लाटेनंतर मात्र तो पुरेसा उतरेना. कंगव्याचा दहावा फेरही पहिल्याइतकाच टोचावा, तसं हे. माणसातल्या दुखऱ्या स्पर्शात चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या वाटेचाही मोठा वाटा असतो, त्यामुळे सगळा भार लाटेवर टाकू नये.

पुढच्या वेळी कागदाच्या मधोमध फुली काढा, तिच्यावर नजर ठेवा आणि दर 2 मिनिटांनी रेघेची कड आखून शेजारी वेळ लिहा. बधिरता कुठवर आली तेही टिपा. ऑरा, म्हणजे डोकेदुखीआधीची ही रेघ आणि बधिरता, 5 मिनिटं किंवा जास्त वेळ घेत पसरतो. एकेक लक्षण 5 ते 60 मिनिटं टिकतं. सगळं एका क्षणात आलं, हातातली ताकद गेली, तोंड वाकडं झालं किंवा तास उलटूनही ओसरलं नाही, तर वाट पाहू नका: 108ला फोन करून बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) जा. स्कूटर चालवत असाल तर रेघ दिसताच बाजूला घ्या, दृष्टीचा काही भाग हरवलेला असू शकतो आणि ते चटकन कळतही नाही.

इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा. ऑरा असलेल्या अर्धशिशीत त्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो, सिगारेट ओढणाऱ्यांत आणखीच.