19 जून 2020 ला ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात होणारी ट्रम्प यांची प्रचारसभा एक दिवस पुढे का ढकलली?

कारण 19 जून म्हणजे 'जूनटीन्थ', अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा गुलामगिरीतून सुटकेचा दिवस. त्याच दिवशी सभा ठेवल्यामुळे सडकून टीका झाली आणि ट्रम्प यांनी 12 जूनच्या रात्री ट्विट करून, या दिवसाचा मान राखण्यासाठी सभा 20 तारखेला घेत असल्याचं जाहीर केलं. लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा 1 जानेवारी 1863 चा, पण टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनमध्ये केंद्राच्या फौजेतले जनरल ग्रेंजर यांचा, गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम निघाला थेट 19 जून 1865 ला, अडीच वर्षांनी. त्यातही एकीकडे पूर्ण समान हक्कांची भाषा आणि दुसरीकडे 'आहात तिथेच राहून मजुरीवर काम करा' असा सल्ला! माझ्या मते तारखेइतकंच ते शहरही बोचणारं होतं. याच टल्सातल्या ग्रीनवुड या कृष्णवर्णीय वस्तीवर 1921 मध्ये गोऱ्या जमावाने हल्ला करून सुमारे 35 ब्लॉक जाळून टाकले, आणि सभा काही दुसरीकडे हलवली नाही. शिवाय जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून मृत्यू होऊन महिनाही झाला नव्हता. एक मात्र लक्षात घ्या: जूनटीन्थ तेव्हा देशभराची केंद्रीय सुट्टी नव्हती, ती 2021 मध्ये झाली.