निवासी शिबिरात ऑटिझम, एडीएचडी असलेली मुलं येणार असतील तर काय तयारी करावी?

तुम्ही विचारलंय की यंदाच्या उन्हाळी शिबिरात ऑटिझम (स्वमग्नता) आणि एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वस्थ बसणं अवघड जाणं) असलेली काही मुलं आहेत, स्वयंसेवक नवखे आहेत, तर त्यांच्यासाठी वेगळे खेळ ठेवावेत का. वेगळ्या खेळांची गरज सहसा पडत नाही. बिनसतं ते दोन कार्यक्रमांच्या मधे: खेळ संपलाय, जेवणाची रांग लागलीय, शिट्ट्या वाजताहेत आणि पुढे काय ते कुणी सांगितलेलं नाही. तयारीचा जास्तीत जास्त वेळ या मधल्या वेळेसाठी द्या.

सुरुवात पालकांपासून करा. फॉर्मवर 'काही विशेष अडचण?' एवढाच रकाना ठेवलात, तर निदानाचा एक शब्द लिहून येतो आणि ताई-दादांना त्याचा काहीच उपयोग होत नाही. नेमकं विचारा. मूल अस्वस्थ व्हायला लागलं की सगळ्यात आधी काय दिसतं? कान झाकतं, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारतं, की एकदम गप्प होतं? तेव्हा घरी काय करता? कोणते आवाज, वास, कपडे सोसत नाहीत? हमखास खाईल असे पदार्थ कोणते? संडासला लागली तर सांगतं का? न सांगता निघून जातं का? ही उत्तरं एका पानावर उतरवा आणि त्या मुलासोबत असणाऱ्या प्रत्येकाला आधीच वाचायला द्या. मुलाला आठवडाभर आधी फोटो पाठवा: झोपायची खोली, संडास-बाथरूम, ताई-दादांचे चेहरे.

दिवसाचा क्रम चित्रांत मांडा आणि एकेक गोष्ट झाली की मुलालाच चित्र उलटं करू द्या. आयत्या वेळचे बदल टळत नाहीत, म्हणून 'बदल' असं एक रंगीत कार्ड ठेवा. ते पहिल्यांदा काढाल तेव्हा बदल मुलाच्या आवडीचा असू द्या. कार्ड दिसलं की संकटच आलं, अशी गाठ मनात बसायला नको. खेळ थांबवायच्या १० मिनिटं आधी सांगा, मग ५ मिनिटं आधी. एडीएचडी असलेल्या मुलांना वेळेचा अंदाज बऱ्याचदा येत नाही, त्यांच्यासाठी 'अजून तीन उड्या, मग पाणी' हे 'पाच मिनिटं राहिली'पेक्षा चांगलं लागू पडतं.

एका वेळी एकच सूचना द्या, मग मनात दहापर्यंत मोजा. उत्तर लगेच आलं नाही की नवखा दादा तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतो, आणि मुलाला समजून घ्यायला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पुन्हा सांगायचंच तर तेच शब्द वापरा.

एक शांत कोपरा हवाच. गादी, मंद उजेड, आवाज अडवणारे हेडफोन एवढं पुरे. तो सगळ्याच मुलांसाठी खुला ठेवा आणि शिक्षा म्हणून तिथे कुणालाही कधीच पाठवू नका. एकदा जरी पाठवलंत तरी गरज असताना मूल तिकडे फिरकणार नाही.

मेल्टडाउन, म्हणजे ताण असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटणं, हा हट्ट नव्हे. हट्ट हवं ते मिळालं की बहुधा थांबतो, मेल्टडाउन तसा थांबत नाही. अशा वेळी त्या मुलाला ओढून नेण्यापेक्षा बाकीच्यांना बाजूला न्या. बोलायचं एकानेच, तेही अगदी थोडं. न विचारता हात लावू नका, 'माझ्याकडे बघ' म्हणू नका. रडं थांबलं म्हणजे सगळं निवळलं असं नसतं. पूर्ववत व्हायला कधी काही तास लागतात, तोवर 'असं का केलंस?' नको. हात हलवणं, डोलणं यानं मूल स्वतःला सावरत असतं. त्यावरून टोकू नका.

पाण्याच्या बाबतीत मात्र जराही सूट नको. ऑटिझम असलेली मुलं न सांगता निघून जाण्याचा धोका जास्त असतो, पाण्याची ओढही अनेकांना असते, आणि त्यात बुडून मृत्यू होतात. जवळ तलाव, विहीर, नदी असेल तर प्रत्येक ठिकाण बदलताना मोजणी करा आणि प्रत्येक मुलामागे जबाबदार माणूस नावानिशी ठरवा. मूल दिसेनासं झालं तर सगळ्यात आधी पाण्याकडे धावा, खोल्या नंतर शोधा.

तहान, ऊन, दुखणं काही मुलांना उशिरा जाणवतं, त्यामुळे 'तहान लागली का?' असं विचारत बसू नका, ठरल्या वेळी पाणी द्या. मिथाइलफेनिडेट (एडीएचडीवरचं औषध) घेणाऱ्या मुलाची दुपारची भूक बऱ्याचदा मरते. नाश्ता भरपेट द्या, संध्याकाळी पुन्हा खायला ठेवा, दुपारी आग्रह नको. औषधं मूळ पाकिटात, कुलपात आणि एकाच माणसाच्या हाती ठेवा. डोस दिला की वेळ लिहा. ऑटिझमसोबत फिट येण्याचं प्रमाण जास्त असतं, तेव्हा तोही प्रश्न फॉर्ममध्ये घाला.

कडेला बसून खेळ बघणं हाही सहभागच समजा. आणि पालक न्यायला आले की सांगा: दिवसभर शहाण्यासारखं वागलेलं मूल घरी पोचताच कोसळू शकतं, त्या दिवशी पाहुणे नकोत, प्रश्नांचा मारा नको.