नायकाचा आजार आणि बाबांचा आकडा

आमचा मुलगा एका सुपरहिरोच्या आजारपणाबद्दल सतत बोलतो, रात्री दचकून उठतो, त्याचा मोबाईल काढून घ्यावा का, असे विचारणाऱ्या पालकांना समुपदेशक म्हणून मी लगेच होय किंवा नाही असे उत्तर देत नाही. नायक कोणता, त्याला झाले आहे काय आणि त्यातला कोणता भाग मूल पुन्हा पुन्हा सांगते, हे आधी ऐकावे लागते, कारण भीती बहुधा त्या भागातच दडलेली असते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरगावातील कुटुंबाचा अनुभव त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून येथे सांगते.

सहावीतल्या या मुलाला आई घेऊन आली ती मिक्सरच्या तक्रारीवरून. तो रोज सकाळी कोथिंबीर, शेवग्याचा पाला, हाताला लागेल ती हिरवी पाने वाटून त्याचे पाणी करीत असे आणि बाबांनी ते प्यायलेच पाहिजे म्हणून हट्ट धरीत असे. एकदा त्यात परसातले अळूही गेले. ते कच्चे पोटात गेले असते तर घशाचे काय झाले असते, हे कोकणात कोणाला सांगायला नको. वडील मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. समुद्रात गेले की काही दिवस परतायचे नाहीत. तेव्हा बाटली भरून बोटीवर द्यायची, तीही लपवून. बोट यायच्या दिवशी शाळा बुडवून तो जेटीवर बसून राही. हे सारे सिनेमाचे खूळ आहे असे समजून आईने मोबाईल बंद केला, तेव्हा पाला वाटणे थांबले नाहीच, उलट तो घरात बोलेनासा झाला.

सिनेमा होता २०१० सालचा ‘आयर्न मॅन २’. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टोनी स्टार्क या नायकाच्या छातीत बॉम्बचे बारीक तुकडे अडकलेले असतात आणि ते हृदयापर्यंत पोहोचू नयेत म्हणून एक विद्युतचुंबक बसवलेला असतो. त्याला ऊर्जा देणारे छातीतले यंत्र पॅलेडियम या धातूवर चालते, त्याच यंत्रावर त्याचे चिलखतही चालते आणि तो धातू हळूहळू रक्तात विष कालवतो. चिलखत जितके वापरावे तितके विष वेगाने चढते. तो बोटाला सुई टोचून रक्तातल्या विषाची टक्केवारी बघतो, क्लोरोफिलचे हिरवे पेय पितो आणि जवळच्या माणसांना काहीच सांगत नाही.

मी मुलाला ही गोष्ट त्याच्या पद्धतीने सांगायला लावली. मारामाऱ्या त्याने एका वाक्यात उरकल्या. बोट टोचणे, चढत जाणारा आकडा आणि नायकाचे खोटे बोलणे या गोष्टींपाशी मात्र तो पुन्हा पुन्हा येत राहिला. असे बोट टोचताना तू आणखी कोणाला पाहिले आहेस का, असे विचारल्यावर तो बराच वेळ टेबलाची कड खरवडत बसला आणि मग म्हणाला, “बाबांना. मागच्या पडवीत. मी विचारलं तर म्हणाले, माशाचा काटा लागला. पण मशीनवर २८६ आलं होतं. सिनेमात शंभर टक्के झाले की माणूस मरतो ना?”

सिनेमाच्या हिशेबाने त्याचे वडील केव्हाच शंभराच्या पलीकडे गेले होते, आणि तरीही ते बोटीवर जात होते, जाळे ओढत होते, घरी आल्यावर हसत होते. मुलाने यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा असला तरी तर्काला धरून होता. मोठी माणसे काही सांगत नाहीत तेव्हा मुले रिकामी जागा मोकळी ठेवत नाहीत. त्यांच्याजवळ जी गोष्ट असते तिने ती भरतात. सिनेमाने भीती निर्माण केली नव्हती, केवळ तिला बोलायला भाषा दिली होती. म्हणून मोबाईल काढून घेण्याने काही साधणार नव्हते.

तो आकडा टक्क्यांचा नाही, एवढेच मी त्याला त्या दिवशी सांगितले. रक्ताच्या एका डेसिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम साखर आहे ते ते यंत्र दाखवते, मृत्यूचे अंतर दाखवत नाही. बाकीचे बाबांकडून ऐकायचे, असे ठरले. मुलाला वडिलांच्या आजाराची माहिती समुपदेशकाने परस्पर देऊ नये, असे माझे ठाम मत आहे, कारण त्यामुळे माहिती मिळते पण लपवाछपवीची शंका तशीच राहते.

वडील यायला तयार नव्हते. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय असल्यामुळे समुपदेशकाकडे जाणे म्हणजे तिकडेच जाणे, अशी थट्टा आमच्या भागात अजूनही चालते. मुलासाठी म्हटल्यावर ते आले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले. त्यांना मधुमेह असल्याचे पत्नीला ठाऊक होते, पण साखर इतकी वाढलेली असते हे तिलाही ठाऊक नव्हते. “मॅडम, तांडेल ढिला पडलाय असं दिसलं की खलाशी पुढच्या हंगामाला दुसरी बोट बघतात, आणि मालकही दुसरा तांडेल बघतो,” असे ते म्हणाले. त्यांच्या वडिलांचा पाय मधुमेहाच्या जखमेने कापावा लागला होता, आणि ते इन्सुलिन सुरू केल्यानंतर घडले म्हणून इन्सुलिन म्हणजे शेवट, अशी त्यांची समजूत होती. या क्रमामागचे खरे कारण असे की इन्सुलिन उशिरा सुरू होते आणि तोवर नसांची व रक्तवाहिन्यांची हानी झालेली असते. पायाची संवेदना गेलेली असल्यामुळे जखम कळतच नाही.

गोळ्या त्यांनी स्वतःच बंद केल्या होत्या. त्याचे कारण विचारले तेव्हा सर्वांत उपयोगी माहिती हाती लागली. रात्री गोळी घ्यायची, तेवढ्यात जाळे उचलायची वेळ यायची, जेवण पहाटेपर्यंत लांबायचे आणि मग दरदरून घाम सुटून हातपाय थरथरायचे. गोळीने अंगातली ताकद जाते, असा त्यांनी अर्थ लावला होता. खरे तर ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेऊन जेवण चुकवले की रक्तातली साखर खाली जाऊ शकते. ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, गोंधळ ही लक्षणे दिसतात. अशा माणसाला निष्काळजी म्हणून उपदेश करणे सोपे असते, पण त्यांचा अनुभव खरा होता, फक्त तो डॉक्टरांपर्यंत पोहोचलाच नव्हता. बोटीवरच्या कामाच्या आणि जेवणाच्या वेळा कागदावर लिहून तो कागद डॉक्टरांना दाखवावा, एवढेच मी सुचवले आणि त्यानुसार डॉक्टरांनी औषध व त्याची वेळ दोन्ही बदलली.

मुलाशी बोलण्याची तयारी आम्ही शब्दाशब्दाने केली. मी मरणार नाही, असे वचन द्यायचे नाही, कारण ते कोणालाच देता येत नाही. आणि सगळे ठीक आहे, असेही म्हणायचे नाही, कारण २८६ मुलाने पाहिले होते. त्यांनी घरी यंत्र त्याच्यासमोर ठेवले, काट्याची गोष्ट खोटी होती हे कबूल केले आणि सांगितले की उपाशीपोटी साखर १०० पेक्षा कमी असणे सामान्य, १२६ किंवा त्याहून अधिक वारंवार आल्यास मधुमेह, आपली वाढली आहे, हा आजार बहुधा जन्मभर राहील, पण सांभाळला तर पुष्कळ वर्षे काम करता येते. मुलाने त्यांना विचारले की नायकाला शेवटी नवे मूलद्रव्य सापडते, तसे तुम्हाला सापडणार का. वडिलांनी नाही म्हटले. त्या नकाराने मुलगा खचेल अशी आईला धास्ती होती. प्रत्यक्षात त्या रात्री तो शांत झोपला, असे तिने नंतर कळवले.

एका गोष्टीवर मात्र मला अडून बसावे लागले. कळल्यानंतर मुलाला रोजची नोंदवही स्वतः ठेवायची होती, फोन करून आकडे विचारायचे होते, बाबांनी भात किती खाल्ला ते मोजायचे होते. घरच्यांना यात कौतुक वाटत होते. मला ते मान्य नव्हते, कारण आकडा वाढला की तो स्वतःला जबाबदार धरणार आणि हिरव्या पाण्याची जागा वही घेणार. नोंद वडिलांनी करायची, चौकशी आईने करायची, असे ठरले. मुलाकडे एक छोटे काम आले: बोट निघण्याआधी वडिलांच्या पिशवीतल्या डब्यात साखर आणि बिस्किटे आहेत का ते बघायचे. साखर खाली गेल्यास तीन लहान चमचे साखर खायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हे डॉक्टरांनी तांडेलाला आणि एका खलाशालाही शिकवले आहे. म्हणजे बोटीवर आता एकाला तरी ठाऊक आहे, आणि अजून कोणी दुसरी बोट शोधलेली नाही.

सर्व काही मार्गी लागले आहे असे नाही. वडील कधी कधी तपासणी चुकवतात. डॉक्टरांनी पुढे इन्सुलिनचा विषय काढला तेव्हा, बोटीवर बर्फ आहेच, त्यात कुपी ठेवीन, असे ते म्हणाले. बर्फाला थेट टेकून गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते, हे त्यांना तेव्हा कळले. मुलाची झोप सुधारली आहे. ती काही आठवडे सुधारली नसती किंवा शाळा बुडणे चालूच राहिले असते, तर मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते. अशा वेळी १४४१६ या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येते.

आईने शेवटच्या भेटीत विचारले की आता त्याला पुढचा भाग बघायचा आहे, त्यात नायकाला धास्तीचे झटके येतात म्हणे, तर बघू द्यावा का. मी होकार दिला, फक्त १ जूनला मासेमारीबंदी लागून बोटी किनाऱ्याला येईपर्यंत थांबावे आणि तो वडिलांबरोबर बसून बघावा, असे सांगितले.