नाटक किती वाजता सुटंल?

प्रश्न : ताई, आम्ही सेलूची हौशी नाटकमंडळी. एरवी राज्य नाट्य स्पर्धेसाठी परभणी केंद्रावर एक प्रयोग करायचा आणि सेट गोदामात टाकायचा, एवढंच चालायचं. यंदा गावातच दिवाळी ते होळी चार नाटकं लावली आहेत. पहिल्याला सभागृह भरलं. दुसरं डिसेंबरात, शनिवारी रात्री साडेआठला केलं, तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. प्रयोगानंतर चर्चा ठेवली, लोक उठून गेले. गावाला नाटक नकोच आहे का?
– एक वाचक, सेलू

उत्तर : नको असतं तर पहिल्याला तरी कशाला आले असते? दिवाळीत सोयाबीनचे पैसे हातात होते, पुण्या-संभाजीनगरची लेकरं घरी आलेली होती. डिसेंबरात काय असतं? कापसाची वेचणी चालू, तूर काढायला आलेली, तुळशीचं लग्न लागलं की गावोगाव मांडव. त्यात शेतीच्या लाइटची पाळी रात्रीची आली, तर माणूस हरभऱ्याला पाणी देईल की तुमचं नाटक बघंल? तारीख छापण्याआधी वायरमनला विचारा, त्या आठवड्यात लाइट दिवसा आहे की रात्री. हसू नका, सेलूच्या प्रेक्षकांत शेती असणारे किती आहेत ते मोजा.

मी आमच्या संस्थेच्या तिकिटाच्या टेबलावर बसते. नटांना टाळ्या ऐकू येतात, मला प्रश्न ऐकू येतात. नाटक कोणतं, लिहिलं कोणी, हे विचारणारे थोडे. बाया पिशवीतून पैसे काढता काढता विचारतात, “किती वाजता सुटंल?” साडेआठचं नाटक नऊला सुरू होणार, अकराला सुटणार, मग चर्चा. खेड्यावरून आलेल्याची शेवटची एसटी तोवर कधीच गेलेली असते. तुमचे लोक चर्चेतून नाही उठले, गाडीसाठी उठले. सहाला पडदा उघडा आणि पत्रकावर सुटण्याची वेळही छापा.

आणि तो नऊ कशामुळे वाजतो, तेही तुम्हाला ठाऊक आहे. प्रमुख पाहुणे. दीपप्रज्वलन, नटराजपूजन, शाल, श्रीफळ, मग “मी जास्त वेळ घेणार नाही” म्हणणारं भाषण. तिकीट काढून आलेल्या माणसाला दुसऱ्याचा सत्कार का बघायला लावता? पूजा पडद्याआड, वेळेवर. पाहुण्यांना खुर्ची द्या, माईक देऊ नका. चार लोक नाराज होतील, होऊ द्या.

फुकट पासही बंद करा. स्पर्धेचं तिकीट अगदी नाममात्र असतं, तरी आपल्याकडे पासासाठी ओळखी काढतात. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिलं नाटक केलं ते राजाच्या आश्रयाने. 1851 मध्ये ते राजे, चिंतामणराव पटवर्धन, वारले, आश्रय संपला आणि मंडळींना गावोगाव हिंडावं लागलं. 1853 मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. स्पर्धा हा आपला राजाश्रय आहे. तिथे परीक्षकांपुढे खेळून वर्ष निघतं, म्हणून प्रेक्षकाची गरज पडत नाही आणि सवयही राहत नाही. ज्याने तीस रुपये का होईना मोजले, तो दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर नाटकाबद्दल बोलतो. पासवाला एसी चालू नव्हता एवढंच सांगतो.

आता चर्चेचं. स्टेजवर खुर्च्या मांडून, माईक फिरवून आपल्या माणसाला बोलतं करता येत नाही. विचारलं की “भारी झालं” म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा त्याला तालमीला बोलवा. शेवटच्या आठवड्यात दार उघडं ठेवा. आमच्या एका नाटकात कापूस वेचण्याचा प्रसंग होता. शहरात वाढलेली पोरगी फुलं तोडावीत तशी एका हाताने एकेक बोंड ओढायची. हॉल झाडायला येणाऱ्या मावशी दोन दिवस बघत राहिल्या, तिसऱ्या दिवशी झाडू भिंतीला टेकवून वर आल्या. पोरीच्या कंबरेला ओढणीची ओटी बांधली, म्हणाल्या, “दोन्ही हात चालले पाहिजेत. बोंड धरून बसलीस तर दिवसाला किती होईल? पैसा किलोवर मिळतो.” दिग्दर्शकाने सगळा प्रसंग बदलला. संवाद कमी झाले, हात वाढले. प्रयोगाला मावशी गल्लीतल्या बायांना घेऊन आल्या, सगळ्यांची तिकिटं काढून, आणि तो प्रसंग आला तेव्हा आपल्याच घरचं कार्य असल्यासारख्या ताठ बसल्या. एकनाथांच्या भारुडात सोंग घेणारा समोरच्याला सरळ प्रश्न टाकतो. ती वाट आपल्या मातीत आहेच, तिला चर्चासत्र म्हणायची गरज नाही.

ज्यांना बोलायचंय त्यांच्यासाठी सुटल्यावर दाराशी चहा ठेवा, नटांना रंग न पुसता तिथे उभं करा आणि “कुठे कंटाळा आला?” असं विचारायला सांगा. दुसरं नाटक कोणतं होतं ते तुम्ही लिहिलेलंच नाही, त्यामुळे कंटाळ्याची शंका मला आहे.

व्हॉट्सॲपवर रोज फोटो टाकू नका. तारीख, वेळ, सुटण्याची वेळ, बास.

तिसरा प्रयोग संक्रांतीनंतर, बारावीची परीक्षा सुरू व्हायच्या आत उरका. होळीचा मात्र सोडा. तेव्हा घराघरात दहावीचा अभ्यास असतो, आणि होळी झाली की नाथषष्ठीला पैठणची गर्दी. चौथं नाटक चैत्रात जवळच्या एखाद्या गावच्या जत्रेत न्या. पंचांना आत्ताच भेटा, कारण तमाशाची सुपारी आधी गेली की तुम्हाला रात्र मिळणार नाही.