तोफखान्यातला ऑफिसर

प्रश्न: मुलीला आर्टिलरीत, म्हणजे लष्कराच्या तोफखान्यात, ऑफिसर व्हायचंय. तिथे ऑफिसर मागे तोफांपाशीच असतो ना?

उत्तर: नाही हो ताई, उलट तरुण ऑफिसर बऱ्याचदा सगळ्यात पुढे असतो, इन्फन्ट्रीसोबत, म्हणजे पायदळासोबत, डोंगर चढतो आणि तिथून गोळा कुठे पडला ते बघून रेडिओवर तोफांना करेक्शन, म्हणजे नेम कसा सुधारायचा ते, देतो, आणि मला हेच काम सगळ्यात जिगरीचं वाटतं. 1999 ला कारगिलमध्ये बोफोर्स तोफा गरजल्या त्यामागे असे ऑब्झर्व्हर होते. ट्रेनिंग आपल्या नाशिकजवळ, देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत होतं. गणित पक्कं लागतं. 2023 पासून मुलींनाही आर्टिलरीत कमिशन, म्हणजे ऑफिसर म्हणून नेमणूक, मिळतंय, तेव्हा तिला बिनधास्त तयारी करू द्या. जनरल रॉड्रिग्ज, जनरल पद्मनाभन हे लष्करप्रमुखही तोफखान्यातलेच.