बॉनला येतेयस, तर एनएसएसचं बोट सोडू नकोस

"ताई, ऑक्टोबरपासून जर्मनीत बॉनला मास्टर्स आहे. कॉलेजात एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, दोन शिबिरं केली. तिथे असं काही करता येईल का, की जर्मन येत नाही म्हणून खोलीतच बसावं लागेल?" असं विचारलंयस. नक्की करता येईल. आधी माझं ऐक.

२०२१ च्या जुलैत मी बॉनमध्ये शिकत होते. १४ तारखेच्या रात्री आर नदीला पूर आला. बॉनपासून ते खोरं जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर. तिथे १३० च्या वर माणसं गेली. त्याच आठवड्यात हॉस्टेलच्या मैत्रिणींबरोबर मी गेले. एका द्राक्षबागायतदाराच्या तळघरात गुडघाभर चिखल, त्याला हीटिंगच्या तेलाचा उग्र वास. जिन्यावर माणसांची साखळी, बादल्या हातोहात वर जात होत्या. दिवसभर एकच शब्द कानावर, "वायटर", म्हणजे पुढे. दुपारी घरातल्या आजी पाव-लोणी घेऊन आल्या. माझे हात कोपरापर्यंत माखलेले, म्हणून त्यांनी घास भरवला. कुठली, कोण, काही विचारलं नाही.

मी चिपळूणची. साधारण आठवड्याने, २२ जुलैला, वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात शिरलं. दोन दिवस फोन लागेना. तिसऱ्या दिवशी बाबा शेजाऱ्यांच्या मोबाइलवरून बोलले, "सांगलीकडची पोरं आलीत, गाळ काढतायत." २०१९ च्या महापुरात त्यांची स्वतःची घरं बुडाली होती. त्या पोरांना चहा द्यायला घरात साखर उरली नाही, याचंच बाबांना वाईट वाटत होतं. पुढच्या शनिवारी मी पुन्हा आरच्या खोऱ्यात गेले. त्यानंतर हे काम सुटलं नाही.

आता तुझं. टाफेल हे नाव लक्षात ठेव. १९९३ मध्ये बर्लिनला सुरू झालेली ही चळवळ. आज देशभर ९०० हून जास्त शाखा आहेत. दुकानांत उरलेली भाजी, पाव गोळा करून गरजूंना देतात. बटाटे निवडायला व्याकरण लागत नाही, आणि क्रेटपाशी उभं राहून भाषा जितकी येते तितकी मला वर्गात आली नाही. अन्न हाताळायचं तर आधी आरोग्य खात्याची छोटी माहितीबैठक करावी लागते. मुलांबरोबर काम करायचं असेल तर गुन्ह्यांची नोंद आहे का ते दाखवणारा सरकारी दाखला मागतात, त्याला वेळ जातो. खेड्यांतले बहुतेक अग्निशामक जवानही स्वयंसेवकच. दिवसा कुणी बेकरीत, कुणी शाळेत. अशा बिनपगारी कामाला इथे 'एरनआम्ट' म्हणतात.

इथे एकदा यादीत नाव लागलं की त्या दिवशी यायचंच. तुझ्या भरवशावर वाटप ठरलेलं असतं. त्यामुळे पहिल्या सेमिस्टरला महिन्यातून एकच दिवस घे. घर, नोंदणी, परीक्षा यांतच जीव मेटाकुटीला येतो. पगारी कामाला वर्षाला १४० पूर्ण दिवसांची मर्यादा आहे, आणि खर्चासाठी तुला तेही लागणार. सर्टिफिकेटसाठी मात्र येऊ नकोस. पहिल्या कडाक्याच्या थंडीत तेवढ्यावर पहाटे उठवत नाही.

पोचलीस की कळव, आमच्या गटात घेऊन जाईन. गमबूट तिकडून आणू नकोस, बॅगेत वजन जातं; आमच्याकडे सगळ्या मापांचे पडून आहेत.